सुटला

१८ फेब्रु., कुरुंदा
हळद शिजवायला घेतलीय. केसांना सकाळपासून तोच वास. दुपारी टीव्हीवर एकदम धाकट्या भावाचं, मिलिंदचं जेल. परराज्यातलं. बंदुका घेऊन माणसं आली, फाटक उडवलं, झाडून सगळ्या बराकी रिकाम्या. ट्रकच्या अपघातात शिक्षा झालेला आमचा मिल्या पावसाळ्याआधी घरी यायचा होता. तोही पळाला असेल तर पुन्हा नवी केस, आणि माय किती...

मायनं बातमीतला एकच शब्द धरला. 'सुटले'. मी जेलला फोन लावेपर्यंत गल्लीत साखर वाटत निघाली.
शेवंताकाकू : "खरंच सुटला व्हय?"
माय : "तर! टीव्हीवाले काय लबाड बोलतेत?"


१९ फेब्रु.
त्याची वाकळ उन्हात घातलीय मायनं. गुणगुणते आहे. तिला कसं सांगू.
अंगणात हळद पसरली की मिल्या आठवतोच. शाळा बुडवून ओढ्याला जायचा, येताना वाळवणावरून धावायचा.
माय विचारायची, "कुठं होतास?"
"शाळेत."
"काहून रे, मास्तरला हळद लागली का? पाय पिवळे कशानं झाले?"
मग तिघंही हसत सुटायचो. मार राहूनच जायचा.

२० फेब्रु.
ठाण्यातून हवालदार आले. "जयभीम, मावशी." मायनं त्यांच्याही हातावर साखर ठेवली. ते बिचारे मूठ तशीच धरून बसले.
"मावशी, सुटला न्हाई. पळाला असंल. तिकडं मोजणी चालूय."
"पळाला तर?"
"वाढीव शिक्षा. आपणहून माघारी गेला तर साहेब लोक इचार करतेत."
माय रात्री जेवली नाही.

२१ फेब्रु.
काकू : "आलं का पोरगं?"
माय : "न्हाई. आन् येऊ नये."
काकू बघतच राहिल्या. इतकी वर्षं दर सणाला "ये रे" म्हणत रडणारी ही बाई.

२३ फेब्रु.
संध्याकाळी अनोळखी नंबर. मी हॅलो म्हटलं, पलीकडून नुसता श्वास. मागे बसचे हॉर्न, चहावाल्याची आरोळी. मायनं फोन हिसकावला.
"मिल्या, जेवलास का?"
 मग, पदर तोंडाशी धरून, "बाबा, घरी येऊ नको. माघारी जा. मी हाय ना इथं."
मी खुणेनं विचारलं, काय म्हणतोय?
मायनं फोनवर हात ठेवला. "आयकून राहिला."