येळवशीला पुनमचं तोंड बंद

१ डिसेंबर, सोमवार.
बसवंतला लातूरच्या समुपदेशक मॅडमकडं नेलं. नऊ वर्षांचा झाला, अजून डोळ्यात बघत नाही, गर्दी झाली की कान दाबून ओरडतो. ऑटिझम. मॅडम म्हणाल्या, लेकराआधी आईच्या मनातला राग निघाला पाहिजे. फी दिली आहे, तेव्हा काढणं भाग आहे. एसटीत विचार केला. माझा सगळा राग धाकट्या जावेवर, पुनमवर. तिच्या शिवूच्या बारशात सगळ्यांसमोर म्हणाली होती, "अक्का, बसूला आत कोंडा की, पाहुणे बघायलेत." म्हणजे सूड उगवला की मी बरी. मॅडमना हेच म्हणायचं असणार.

४ डिसेंबर.
प्लॅन ठरला. येळवशीला, वेळा अमावास्येला, अख्खी भावकी शेतात जेवायला. कडब्याच्या खोपटातली, कोपीतली पूजा झाली की आंबिलीचं मडकं घेऊन शेताला फेरी बसूच मारणार. मग मी पुनमला मोठ्यानं विचारणार, "आता कुणाला कोंडू गं?"

९ डिसेंबर.
गच्चीवर सराव. आंबिलीचा वास आला की बसू पळतो, म्हणून रिकामं मडकं दिलं. छान धरलं. फुटलं ते मांजरामुळं.
आज शेजारच्या तिघींना माफ केलं. त्यांच्याशी भांडण नव्हतंच, पण सुरुवात झाली.

१४ डिसेंबर.
सासूबाई म्हणाल्या, "लेकराला कशाला दमवायलीस?" उलट बोलले नाही. राग गेल्याची खूण. पातेलं आपटलं ते वेगळं.
जप केला. मध्ये मध्ये पुनमच्या वाक्याची तालीम. महादेवालाही पाठ झालं असेल.

१९ डिसेंबर, येळवस. संध्याकाळ.
माणसं बघताच बसू कोपीत शिरला, देवांजवळ कान दाबून बसला. पूजा अडली. मी ओढलं, दटावलं, चिमटा काढला (छोटाच). मामंजी चिडले. तेवढ्यात पुनम उठली. "तिकडं आंब्याखाली बसा की समदे! देव काय पळून चाललेत का?" सगळे गेले. ती कोपीच्या तोंडाशी पाठ करून गप बसली. बसूनं कानावरचे हात काढले. तिच्या पाठीला पाठ लावून भाकरी खाल्ली.
दिखावा नुसता!
मी वाक्य घेऊन गेलेच. तिनं वर बघितलं. हळूच म्हणाली, "अक्का, शिवू बी हाक मारली की बघत न्हाई. दोन वर्साचा झाला. त्या मॅडमचा नंबर द्याल? घरात सांगू नका."
वाक्य तोंडात होतं. ऐकायला भावकी समोरच होती.
नंबर दिला.
सोमवारी तिला लातूरला नेते. एकटी गेली तर रडत बसेल. शिवूला खिडकी द्यायची, म्हणजे ओरडणार नाही.
सूड एसटीत उगवीन. बसायला जागा मिळाली तर.