शत्रूच्या घरचं वांगं

तीर्थरूप दादा,

धाकट्याचा नमस्कार. साष्टांग घालायचा विचार होता, पण हल्ली जेवणानंतर पालथं होणं जमत नाही, तेव्हा उभ्या उभ्या केलेलाच गोड मानून घ्या. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला बसला का? तुमच्याकडचं दुकान जोरात चाललंय असं आत्याकडून कळलं (आत्या म्हणाली म्हणजे मी निम्मंच धरलंय). इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं काय ते पुढे आहे, आणि ते बसून वाचा.

आपल्या दुकानाच्या भिंतीला लागून ते हिरव्या पाटीचं शाकाहारी हॉटेल निघालं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, की पालापाचोळा विकून कुणाचं भलं झालंय, चार दिवसांचं खूळ आहे. दादा, ते खूळ आता रांग लावून उभं असतं आणि रांग नेमकी आपल्या पायरीपर्यंत येते. माणसं आपल्याच कठड्याला टेकून हॉटेलच्या आमट्यांचं कौतुक करतात. परवा तर एका बाईंनी अगदी गोड आवाजात मला सांगितलं, की तेवढं टांगलेलं जरा आत घ्या, आमची भूक मरते. (बोकड आपला, आकडा आपला, दुकान आपलं, आणि मरते ती त्यांची भूक.) मी आत घेतलं नाही. पडदा मात्र ओढला. तुमच्या हाताखाली सुरी धरायला शिकलेल्या माणसाला हे लिहिताना हात जड होतो.

तेव्हा ठरवलं, की शत्रूच्या गोटात शिरून एकदा बघायचंच हे काय खाऊ घालतात ते. दुकानाच्या सुट्टीचा दिवस धरला. दुपारी आमच्या हिला म्हटलं, मी जरा पडतो. ती म्हणाली, पडा, मी बाहेर जाऊन येते. मैदान मोकळं. शेजारच्या शिंप्याकडून एक चष्मा मागून आणला, गळ्याभोवती मफलर गुंडाळला, साबणाने अंग खरवडून काढलं आणि वर पावडरचा थर दिला. एवढं करूनही दुकानातली मांजरी दारापर्यंत मागे मागे आलीच. चष्मा शिंप्याच्या सासऱ्यांचा असावा, कारण हॉटेलची एक पायरी मला विहिरीसारखी दिसत होती. मी ती बसून उतरलो. रांगेतल्या लोकांनी आजोबा आजोबा करत हाताला धरून मला आत नेलं आणि नंबर नसताना जागा दिली, त्यामुळे वेषांतर सार्थकी लागलं असंच म्हणायचं.

वेटर आला. मी म्हटलं, चावायला काहीतरी लागेल असं आणा. तो माझ्या वयाकडे बघून म्हणाला, आजोबा, वांगं घ्या, दातांना त्रास नाही. मी सवयीने टेबलावरची सुरी उचलून अंगठ्याने धार बघितली (धार कसली, लोण्यालासुद्धा आधी विचारावं लागेल), तर बिचारा दोन पावलं मागे सरला. वांगं आलं. विस्तवावर भाजलेलं, साल करपलेली, मधून उघडलेलं, त्यात लसूण आणि तेल. मी खोडी काढायला बसलो होतो. मटणाची बघतो तशी रेषा बघितली, ओल बघितली, बोट लावून बघितलं. दादा, तुमच्याशी खोटं बोलवत नाही, म्हणून त्या वांग्याबद्दल मी काहीच लिहीत नाही. दुसरं मागवलं एवढंच सांगतो.

ते दुसरं पुसून खात असताना हॉटेलवाला दाराशी लगबगीने गेला आणि कुणाला तरी म्हणाला, "या ताई, तुमचं कोपऱ्यातलं टेबल ठेवलंय. नेहमीचंच ना?" मी मान वर केली. चष्म्यातून मला माझ्या दोन बायका दिसल्या. दोघीही हसून हो म्हणाल्या.

मी मेनूकार्ड तोंडासमोर धरलं. (उलटं होतं ते नंतर कळलं.) तेवढ्यात ती घरभेदी मांजरी दारातून आत आली, सगळी टेबलं सोडून माझ्या पायावर येऊन बसली आणि घरघरायला लागली. ही कोपऱ्यातल्या टेबलावरून उठली, माझ्यासमोर येऊन बसली.

"चष्मा काढा आधी," ती म्हणाली. "डोळ्यांतून पाणी येतंय तुमच्या."

मी चष्मा काढला आणि विचारलं, "कधीपासून येतेस इथे?"

"उघडलंय तेव्हापासून. मला मटण नाही आवडत हो. कधीच नाही आवडलं."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही दिवसभर उभे राहून दमायचात, आणि सगळ्यात चांगला तुकडा माझ्यासाठी बाजूला काढून आणायचात. नको कसं म्हणू?"

रोज रात्री तो तुकडा ती माझ्या ताटात सरकवायची आणि म्हणायची, माझं झालं. मला वाटायचं, काय ही माया. तसं मी तिला बोलूनही दाखवलं.

"मायाच होती," ती म्हणाली. "पण मला भूकही लागायची ना."

दादा, आयुष्यभर मी गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून त्याला काय हवं ते ओळखत आलो. घरातलं एक गिऱ्हाईक तेवढं राहून गेलं. तिची थाळी आली. सवयीने तिने अर्धं माझ्याकडे सरकवलं. मी ते परत तिच्याकडे सरकवलं आणि म्हटलं, तू जेव, मी बघतो. ती सगळं जेवली. बायकोला पोटभर जेवताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. मांजरी मात्र नाराज होऊन निघून गेली.

आता घरात दोन पातेली चढतात आणि सुट्टीच्या दिवशी मी हिच्यासोबत तिथे जातो. केवळ तिला सोबत म्हणून.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
धाकटा

ता. क. : यातलं एक अक्षर आत्याच्या कानावर जाऊ देऊ नका. बोकड कापणारा वांग्यावर घसरला हे तिला कळलं, तर संध्याकाळपर्यंत बोकडांनाही कळेल.

ता. क. दुसरा : दुकानाची मागची खोली आपल्या दोघांच्या नावावर आहे. हॉटेलवाल्याला स्वयंपाकघर वाढवायला ती भाड्याने हवी आहे. फार मागे लागलाय, मला भीड मोडवेना. सोबत कागद जोडलाय, सही करून धाडा. आकडे तसेच राहू देणार, त्यांना लसणाच्या माळा टांगतो म्हणतो.

ता. क. तिसरा, माझ्या हातचा : भावोजी, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. हॉटेलवाला मागे लागलेला नाही, हेच त्याच्या मागे लागलेत. सुट्टीच्या दिवसाचं सोडा, बाजारात जनावरं बघायला जातो म्हणून निघतात आणि त्याच्या चुलीपाशी स्टूल टाकून बसतात, हे मला वेटरने सांगितलं. तुम्ही सही कराच. ती चूल आपल्या मागच्या खोलीत आली, तर गिऱ्हाईक आल्यावर दुकानातून निदान हाक तरी मारता येईल.