वरची कवळी आणि तारपा

१८ ऑगस्ट
जव्हार. दात काढल्याच्या जखमा भरल्या. डॉ. बाईंनी वरच्या जबड्याचं माप घेतलं. गुलाबी लगदा तोंडात, ओकारी जेमतेम आवरली. काढता-घालता येणारी कवळी, दात सिरॅमिकचे. खालचे अजून माझेच आहेत. खोडाळ्याची जीप भरेपर्यंत तोंडावर रुमाल धरून बसलो. बोळक्या तोंडाची लाज वाटते, काय करणार.

५ सप्टेंबर
कवळी बसली. बोलताना टकटक वाजते. नागलीची भाकर चावून खाल्ली, फार बरं वाटलं. सखू टक लावून बघत होती. "दात तं चांगलं हायेत. पन हा मानूस कोन?" लग्नाची बायको ही!

९ सप्टेंबर
डावीकडे हिरडी सोलली. बाईंनी कवळी घासून दिली. निघताना मी विचारलं, तारपा वाजवता येईल?
"गालात हवा भरली की वरची कवळी सुटू शकते, सर. वाद्य घेऊन या, इथेच वाजवून बघू."
आता त्यांना काय सांगू. नवा भात देवाला दाखवून खाल्ल्याशिवाय आमच्या पाड्यात कोणी तारप्याला तोंड लावत नाही. आणि त्या नव्याच्या सणाला संध्याकाळी पहिला तारपा माझाच, बाबा गेल्यापासून. म्हणजे परीक्षा थेट सगळ्यांसमोर.

१७ सप्टें.
सरावाला पपईचा देठ तांब्यातल्या पाण्यात बुडवून फुंकतोय. सूर तुटता कामा नये. गालातली हवा सोडत नाकाने श्वास घ्यायचा. कवळी पुन्हा पुन्हा सुटते.
सखू: "नाय जमला तं पोरा डीजे आनतील. मंग बस बुडबुडं काढीत."
भीती तीच आहे. पोरं गेल्या वर्षापासून डीजे म्हणतायत.

६ ऑक्टोबर
नवं झालं. सुरुवात झकास. मग फेर वळला, गाल फुगले आणि कवळी सुटली. सूर तुटला. नाचणारे जागच्या जागी उभे. कोणीतरी फिसकन हसलं. फेरातून सखू ओरडली, "काढ ती! फुक!"
सगळ्यांदेखत काढली, खिशात टाकली. कान तापले होते. सूर फाटका, ओठांतून हवा गळत होती. पण पाय हलले, फेर पुन्हा चालू झाला. डोळ्यांत पाणी आलं.
उद्या शेजारच्या पाड्यावर बोलावलंय. हो म्हणून बसलोय. कवळी घालून वाजवायचं की काढून, अजून ठरत नाही.