पिकपचे पाटे आणि बाकीची मिळकत

मी, भिवा लक्ष्मण ओव्हाळ, वय वर्षे चौसष्ट, धर्म बौद्ध, धंदा वाहन दुरुस्ती व मालवाहतूक, राहणार किवळे, तालुका हवेली, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र आज स्वतः सांगून लिहवून घेत आहे. मला दम्याचा विकार आहे. जिना चढताना तीनदा थांबावे लागते. पण डोके ठिकाणावर आहे आणि मला कोणी धमकावलेले किंवा फुसलावलेले नाही. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. माझ्यामागे माझी पत्नी गिरजाबाई, मुलगा ज्योतीराम आणि मुलगी कस्तुरा अशी तीन माणसे आहेत. ज्योतीराम पिंपरीला कंपनीत टर्नर आहे. कस्तुराचे यजमान वारले असून ती आमच्याकडेच राहते. तिघांत भांडण होऊ नये म्हणून लिहितो.

कलम १. किवळ्यातील दोन खोल्यांचे पत्र्याचे घर व पुढची मोकळी जागा गिरजाबाईने हयातभर वापरावी. तिच्या पश्चात दोन्ही मुलांना निम्मीनिम्मी जावी. मोकळ्या जागेत ज्योतीरामला शेड घालायची असल्यास गिरजाबाईने हरकत घेऊ नये. तिने घेतली, तर ज्योतीरामने शेड घालू नये.

कलम २. पोस्टातले खाते आणि देहूरोडच्या डेपोतून नोकरी सोडताना मिळालेल्या फंडातून जे उरले असेल ते सर्व गिरजाबाईचे. तिच्याकडे हिशेब मागू नये.

कलम ३. माझी हत्यारे, म्हणजे ऐरण, घण, पाटे दाबायचा शिकंजा, जॅक आणि पान्यांची पेटी, ज्योतीरामला द्यावीत. तो ती नीट वापरील. त्याचा हात माझ्यापेक्षा साफ आहे, हे मी त्याला तोंडावर कधी बोललो नाही, म्हणून येथे लिहिले.

कलम ४. माझी मुख्य मिळकत म्हणजे एक टनी जुनी पिकप गाडी. ती मी १९६२ साली लष्कराच्या लिलावातून घेतली. तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिणे भाग आहे.

लिलावात मी बोली लावली तेव्हा मागून एकजण म्हणाला, "ह्याला गाडी कशाला? ह्याच्या बापाने कधी बैलगाडी हाकली होती का?" लोक हसले. त्या गृहस्थाचे नाव मला ठाऊक आहे. तो हयात आहे आणि आता मला नमस्कार करतो, म्हणून नाव लिहीत नाही. त्या दिवशी माझ्याजवळ निम्मेच पैसे होते. निम्मे रावेतच्या मालोजी धोंडिबा भोंडवे याने घातले. त्यासाठी त्याने बैलांची जोडी विकली. त्याच्या भावकीने त्याला वाड्यात बोलावून विचारले, भागी करायला दुसरा कोणी मिळाला नाही का? तो म्हणाला, "गाडी दुरुस्त करता येणारा दुसरा कोण हाय ते सांगा, त्याच्याबरबर करतो." कागद माझ्या नावावर झाले. निम्मी भागी तोंडी राहिली.

मी डेपोत फिटर होतो. गाडी मालोजी चालवायचा आणि मी सुट्टीच्या दिवशी दुरुस्ती पाहायचो. चाकणच्या बाजारातून कांदा-बटाटा पिंपरीला आणि भोसरीच्या फाउंड्रीतले ओतीव काम चिंचवडला, अशा खेपा असत.

१९६८ साली मागचे पाटे बसले. पाटे म्हणजे गाडीचे ओझे झेलणाऱ्या पोलादी पट्ट्या, एकीवर एक बांधलेल्या. त्यांची कमान गेली की गाडी एका अंगाला कलते आणि चाक वर घासते. तीन मार्ग होते. जुनेच पाटे ठोकून पुन्हा कमान द्यायची. पण थकलेले पोलाद चार-सहा महिन्यांत परत बसते. किंवा मूळ मापाचा नवा संच बसवायचा आणि त्याच्यावर दोन आखूड मदतीचे पाटे असे ठेवायचे, की भार आल्यावरच ते टेकतील. गाडी रिकामी असताना मऊ, भरलेली असताना कणखर. हा खरा इलाज होता, आणि मला तो येत होता. पण त्या मापाचे पाटे पुण्याहून जमवायला पंधरा दिवस लागणार होते. तिसरा मार्ग मालोजीने सुचवला.

"भिवा, ट्रकाचे दोन जाड पाटे दोन्ही अंगाला खाली घाल. उद्या गाडी रस्त्याला लागंल आन वर दीड टन उचलंल."

"रिकामी असली की उधळेल," मी म्हणालो.

"रिकामी चालवतोय कोण?"

मी पाटे घातले. एका दिवसात काम झाले. गाडी दीड टन उचलू लागली.

कलम ५. हे कलम मिळकतीबद्दल नाही, पण वगळता येत नाही.

मार्च १९७१ मध्ये चाकणला नातलगाकडे लग्न होते. मी आणि गिरजाबाई गेलो होतो. परत येताना मालोजी रिकामी गाडी घेऊन निघाला होता, त्याच्याबरोबर निघालो. पुढच्या बैठकीवर तिघांना जागा होती. परपुरुषाच्या शेजारी बायकोला बसवायला नको म्हणून मी तिला मागे पोत्यांच्या घडीवर बसायला सांगितले. मोशीच्या अलीकडे मोरीजवळ खड्डा होता. दुपारचे तीन वाजले होते, उजेड लख्ख होता, वेग बेताचा होता. मालोजीची चूक म्हणता येणार नाही. भरलेली असती तर गाडी तो खड्डा गिळून गेली असती. रिकामी होती, म्हणून मागचे अंग उसळले. गिरजाबाई वर फेकली गेली आणि फाळक्याच्या, म्हणजे मागच्या फळीच्या काठावर पाठीवर आदळली. मणक्याची दोन हाडे दबली. दीड महिना ती प्लास्टरमध्ये होती. तेव्हापासून तिला वाकता येत नाही आणि भरली कळशी उचलता येत नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मी मालोजीला म्हणालो, "तुझ्या पाट्यांनी माझी बायको मोडली."

किल्ली माझ्या हातात ठेवून तो चालत रावेतला गेला. त्यानंतर दहा वर्षे आम्ही बोललो नाही. किवळे आणि रावेत यांत फारसे अंतर नाही. दर आठवड्याला कुठे ना कुठे गाठ पडे. मी मान वळवत असे. डेपोची नोकरी सोडून मी स्वतः गाडी चालवू लागलो. त्याने आपला हिस्सा मागितला नाही, मीही दिला नाही.

कलम ६. गेल्या दिवाळीनंतर भोसरीत डाव्या अंगाचा मुख्य पाटा तुटला. गाडी ओढून घरी आणली. पुन्हा तोच प्रश्न समोर आला.

ज्योतीराम म्हणाला, "दादा, आणखी दोन पाटे वाढवू. मी फाउंड्रीशी बोललोय, दोन टनांच्या खेपा देतात. शिफ्ट संपली की मी चालवीन."

कस्तुराचे म्हणणे वेगळे होते. भोसरीतल्या दोन लहान कारखान्यांना कँटीन नाही. तिथल्या कामगारांसाठी ती आणि गिरजाबाई जेवण करून देतात. आमटीची पातेली हातगाडीवरून जातात आणि पोचेपर्यंत निवतात. गाडी चालवायला मी तिला शिकवले आहे, परवानाही आहे. ती म्हणाली, "मला दोन टन नकोत. आमटी सांडायला नको, एवढीच गाडी पाहिजे."

म्हणजे पाटे कोणते घालायचे हे ठरवायचे तर आधी गाडी कोणाची हे ठरवणे आले. मी दोघांना म्हणालो, विचार करतो. आणि सवयीने पुढे म्हणालो की, ते जाड पाटे मालोजीचे, तेव्हाच नको म्हणायला हवे होते.

गिरजाबाई भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती. तिने ताट बाजूला ठेवले.

"पाटे मालोजीभावजींचे व्हते, तर दुसऱ्या दिशी काढून का न्हाई टाकले? दहा वर्सं त्याच पाट्यांवर ओझं वाहिलंत. माझी पाठ त्यांनी मोडली आन आपलं घरबी त्यांनीच चालवलं. मंग भावजींनी काय केलं, ते तरी सांगा."

तिच्या प्रश्नाचे उत्तर येथे देतो. पाटे घालायला मालोजीने सांगितले, पण घातले मी. रिकामी गाडी उधळेल हे फिटर म्हणून मला माहीत होते, त्याने ते नुसते माझ्याकडून ऐकले होते. पुढे जागा असताना बायकोला मागे मी बसवले. आणि अपघातानंतरही ते काढले नाहीत, कारण जास्त ओझ्याची मिळकत मला सोडवली नाही. दोष दुसऱ्याच्या नावावर लावून वस्तू मी स्वतःकडे ठेवली.

कलम ७. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रावेतला गेलो. मालोजी गोठ्यापुढे दावी वळत बसला होता. मी म्हणालो, "पाटे बदलायचे आहेत. मदतीचे आखूड पाटे वर घालून, मूळ मापाचे."

तो वळून न बघता म्हणाला, "पंधरा दिस लागत्यात म्हणला व्हतास."

"लागू देत."

"आन मला कशाला सांगतोस?"

"निम्मी गाडी तुझी आहे. आणि पाटे मी घातले होते, तू नाहीस. व्हरांड्यात बोललो ते खोटे होते."

त्याने हातातले दावे पूर्ण वळून खुंटीला अडकवले. मग पायात वहाणा घालून तो माझ्याबरोबर निघाला. वाटेत मी थांबलो की तोही थांबे. मला चालताना बोलण्याइतका श्वास नसतो.

पंधरा नव्हे, एकोणीस दिवस लागले. संच पुण्याहून आला. बुश नवे बसवले, यू-बोल्ट नवे घेतले, पूर्वी कधी नव्हते ते हादरे जिरवणारे शॉकअप लावले. घण मला उचलवत नाही, तो ज्योतीरामने चालवला. तो आधी दोन दिवस रुसून होता. तिसऱ्या दिवशी मी पाट्यांच्या मधोमध बसणारा सेंटर बोल्ट वाकडा धरलेला पाहून त्याने तो माझ्या हातून घेतला आणि पुढचे काम त्यानेच केले. काढलेले जाड पाटे कोणत्याही गाडीला विकू नयेत. ते तोडून ज्योतीरामने विळ्या आणि कोयते करावेत. पोलाद चांगले आहे.

मग गाडी तपासली. मागे पातेले काठोकाठ पाण्याने भरून ठेवले, झाकण लावले नाही. कस्तुरा चालवायला बसली, गिरजाबाई तिच्या शेजारी पुढे बसली. अपघातानंतर या गाडीत बसण्याची तिची ही पहिली वेळ. तळेगाव दाभाड्यापर्यंत जाऊन त्या परत आल्या. पातेले दोन बोटे उणे होते. गिरजाबाई म्हणाली, "झाकण बसवलं की भागंल." मी पाठीचे विचारले. ती म्हणाली, "पाठ हाय तशी हाय. पर भ्या वाटलं न्हाई."

सबब पिकप गाडी माझ्या पश्चात कस्तुराने घ्यावी. गाडीवर एक टनापेक्षा जास्त ओझे घालू नये आणि जादा पाटा कधीही टाकू नये. हा कागद लिहिणारे वकीलसाहेब म्हणतात, अशी अट कोर्टात टिकत नाही. न टिको. कस्तुराने ती पाळावी. ज्योतीरामला गाडी मिळाली नाही याचे त्याला वाईट वाटेल. त्याने ते मनात न ठेवता बहिणीला एकदा स्पष्ट बोलून दाखवावे आणि मोकळे व्हावे. माझ्यासारखे करू नये.

कलम ८. माझा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधेपणाने करावा. वंदना व्हावी. जेवणावळ घालू नये. गाडीतून नेण्याची हौस करू नये, खांद्यावरून न्यावे; वजन फारसे उरलेले नाही.

कलम ९. (खोडले.) या ठिकाणी पिकप गाडीचा निम्मा हिस्सा मालोजी धोंडिबा भोंडवे यांस देण्याचे कलम होते. ते का खोडले ते नमूद करतो.

आज वकीलसाहेबांनी हा मसुदा मोठ्याने वाचला तेव्हा मालोजी बाकावर बसून ऐकत होता. साक्षीदार म्हणून मी त्याचे नाव सुचवले. वकीलसाहेब म्हणाले, ज्याला कागदातून काही मिळते त्याला साक्षीला घेऊ नये.

मालोजीने विचारले, "साक्षीदारानं काय करायचं असतं?"

"यांनी शुद्धीवर राहून, आपल्या मनाने हे लिहवले आणि तुमच्यासमोर सही केली, एवढे वेळ आल्यास सांगायचे."

"मंग ते हिश्श्याचं कलम खोडा."

मी म्हणालो, "मालोजी, हिस्सा तुझा हक्काचा आहे. तो मी देत नाही, परत करतो आहे."

"व्हय, माझा हाय. म्हणून तर मला सोडता येतो. पोरीला पुरी गाडी ऱ्हाऊ दे. तू हे आपल्या तोंडानं सांगितलंस, ह्ये उद्या सांगणारा माणूस मी पायजे."

मी आणखी दोनदा सांगून पाहिले. त्याने ऐकले नाही. कलम माझ्या संमतीने खोडले असून समासात माझी सही आहे. त्यामुळे गाडी पूर्णपणे कस्तुराची.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मी तो स्वतःही चष्मा लावून वाचला, आणि तो बरोबर आहे म्हणून खाली सही करतो.

ठिकाण: चिंचवड
दिनांक: २३ जानेवारी १९८२

(सही) भिवा लक्ष्मण ओव्हाळ

साक्षीदार:

१. जयसिंग आनंदराव शेलार, निवृत्त स्टोअरकीपर, राहणार देहूरोड. मृत्युपत्र करणाऱ्यांनी माझ्या व दुसऱ्या साक्षीदाराच्या समक्ष सही केली. मी त्यांच्या समक्ष सही करीत आहे.
(सही) ज. आ. शेलार

२. मालोजी धोंडिबा भोंडवे, शेतकरी, राहणार रावेत. भिवाने माझ्यासमोर सही केली. तो शुद्धीत हाय. वर लिवलंय ते खरं हाय, पर सगळं न्हाई. पाटे घाल म्हणून मी लई मागं लागलो व्हतो. तेबी लिवा, म्हणून मी सांगितलं आन वकिलांनी लिवलं.
(सही) मालोजी भोंडवे