वज्रहस्त, फक्त मोठ्या अक्षरांसाठी

४ जून
आजपासून रोजनिशी. कोणी वाचावी म्हणून नाही. पुढेमागे कोणी माझं चरित्र लिहायला घेतलंच, तर तारखा चुकू नयेत.
बोर्डांच्या दुकानात आयुष्यभर ब्रश चालवला. गुरू केला नाही, लागला नाही. आता मालक माझ्या अक्षराचा फॉन्ट करून घेणार आहेत. मला अमर करायचं मनात असणार.

९ जून
फॉन्टचं नाव ठरलं : वज्रहस्त. जाड, ठसठशीत, फराट्याचं टोक कोरडं पडत गेलेलं. दुकानाच्या पाट्या, सेल, पोस्टर, एवढ्यासाठीच. दीड इंचाखाली वापरेल त्याला फटके.
बायको म्हणाली, हातच काढून दिलात तर बाकीचे तुम्ही कशाला हवे त्यांना? हिला शिरोरेषा सरळ काढता येत नाही.

२१ जून
फॉन्ट करायला मालकांनी आणलेल्या कॉम्प्युटरवालीला प्रत्येक अक्षराचे तीन-तीन नमुने करायला लावले. हातचं अक्षर दोनदा सारखं येत नसतं, हे तिच्या डोक्यात घातलं. एक काना दिवसभर घासून घेतला. रडली. म्हटलं, इथे कला चालते, रडायचं तर घरी.

२ जुलै
वज्रहस्त तयार! पैज लावली : एक ओळ माझ्या हातची, एक मशीनची. मालक, गिऱ्हाइकं, मुद्दाम बोलावलेली बायको, सगळे चीत. ठणकावून सांगितलं, ब्रह्मदेव आला तरी फरक दाखवू शकणार नाही. मालकांनी हे वाक्य माझ्याकडून चारचौघांत पुन्हा वदवून घेतलं. कौतुक, दुसरं काय.
वर म्हणाले, दोन दिवस आराम करा. बढतीच.

५ जुलै
दुकानाच्या दारावर बोर्ड : ‘वयोमानानुसार मी स्वखुशीने निवृत्त होत आहे. लोभ असावा.’ वज्रहस्तात. अक्षर दीड इंचाचं, नियम पाळलाय.
शेजारचा औषधवाला म्हणाला, जाता जाता काय हात मारलात हो! मी लिहिलं नाही म्हटलं, तर हसला. मालक म्हणाले, मशीनचं आहे? मग दाखवा फरक. नाक लावून पाहिलं. कुठेच सापडेना. याला म्हणतात काम!
घरी बायको म्हणाली, नोकरी सोडलीत आणि मला औषधवाल्याकडून कळतं? हिलाही पटेना. पैज तिच्यादेखतच जिंकलो होतो.

६ जुलै
स्वतः ब्रश धरला. ‘वरील मजकूर मी लिहिलेला नाही.’ त्याच बोर्डाखाली टांगला. माणसं जमली. औषधवाला म्हणाला, वरचं तुमचं. खालचं कॉम्प्युटरचं वाटतं.
कॉम्प्युटरवाली पुढे आली. सावकाश पाहून म्हणाली, काका, ‘लिहिलेला’मधले तिन्ही ‘ल’ एकसारखे आहेत. हातचं अक्षर दोनदा सारखं येत नसतं. तुम्हीच शिकवलंत.
सगळे हसले. ती नाही हसली.

७ जुलै
सकाळी जाऊन खालचा बोर्ड उतरवून आणला. ‘ल’ सारखेच आहेत.
वरचा राहू दिला. ‘स्वखुशीने’मधला ‘स्व’ मला इतका चांगला कधी जमला नव्हता.