आता हँग होत नाही

४ जाने., रविवार
होडी आज पाचशे बारा एमबी रॅमवर उभी राहिली. एकदाची! ज्या जुन्या संगणकांना कुणी विचारत नाही त्यांच्यासाठी मी बनवलेली ऑपरेटिंग सिस्टिम, आणि ती बनवणाऱ्यालाही कुणी विचारत नाही. जमली जोडी. खोलीत सांगायला कोण? डबा घेऊन मावशी आल्या, त्यांनाच सांगितलं. "बरं झालं. आज वांगं हाय," म्हणाल्या.

११ जाने., रवि.
सकाळीच नवापूरहून प्रमिला मेहेर यांचा फोन. "सायेब, परत बंद परला वो." त्यांचं झेरॉक्सचं दुकान, लोकांचे फॉर्म भरून देतात. नवरा गेल्यापासून एकट्याच. अख्ख्या जगात होडी वापरणाऱ्याही त्या एकट्याच.
मी वाटभर माझ्या कोडला शिव्या घालत गेलो. उघडून बघतो तर रॅमच्या पट्टीचे दात काळे. खारी हवा, त्यात आपल्या एमआयडीसीचा वास. खोडरबर घासला, चालू. पण फॉर्म आणि प्रिंटर एकदम लावला की हँग होतो, तो दोष माझाच.
"येवरे लांब आलात, जेवूनशी जा." तांदळाची भाकरी, जवळा. फार बरं वाटलं. इथे तरी लिहायला लाज कसली.

१८ जाने., रवि.
नवी आवृत्ती टाकून आलो. फॉर्म, प्रिंटर, सगळं एकदम. हलत नाही! प्र. खूश. "आता तुमाला तरास नाय." मीही हसलो.
परतताना बेटेगावजवळ गाडी थांबवली, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतलाय.

२३, शुक्र.
फोन नाही. मावशींना माझ्या नंबरवर मिस्ड कॉल द्यायला लावून पाहिलं. माझा फोन चालू आहे.
आज होडीत एक ओळ लिहिली. प्रत्येक छपाईला थोडी मेमरी अडकवून ठेवणारी. आठवडाभरात मशीन हँग, मग फोन येणारच. सोपं.
खोडली. प्र.चं पोट आहे त्या संगणकावर. दारात गिऱ्हाईक आणि मशीन बंद, आणि मी मात्र जवळा खायला हजर! इतका नालायक नाही अजून.

२६, सोम.
सुट्टी. दिवसभर कुणाशी बोललो नाही. डबाही नव्हता.

१ फेब्रु., रवि.
गेलो. न बोलावता.
"काय बिगरलं नाय, तरी आलात?"
'असंच' म्हणायचं, एवढं पक्कं ठरवून निघालो होतो. तोंडातून निघालं, "नवी आवृत्ती आहे." पेनड्राइव्हवर तीच जुनी, फक्त आकडा बदललेला. चोरासारखा बसून टाकली. प्र.नी स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही, चहा ठेवला.
निघताना उंबऱ्यात म्हणाल्या, "पुढची कदी?"
"रविवारी," म्हणालो.
होडीत बदलण्यासारखं आता काहीच उरलेलं नाही. नुसता आकडा किती वेळा बदलणार?