मुकादमाचे साठ ग्रॅम

मंगळवार, सकाळी दहा वाजून दहा मिनिटं
दुकानातून

ताईस धाकट्या भावाचा वाकून नमस्कार.

इकडे आम्ही ठीक आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? लेकीच्या घरी तीन मजले चढावे लागतात असं कळलं. प्रत्येक मजल्यावर थांबत जा, उगाच कुणाला दाखवायला सलग चढू नकोस. बाळ-बाळंतीण खुशाल असतीलच. नातवाचं वजन तीन किलो दोनशे भरलं असं भाऊजींनी फोनवर सांगितलं, ऐकून फार आनंद झाला. मात्र तिथल्या इस्पितळातला काटा शेवटचा कधी तपासला होता हे विचारायला ते विसरले. (मी त्यांना तसं म्हटलं तर हसले. वर 'डिप्लोमा माझ्याकडे आहे, शंका तुझ्याकडे आहेत, अशी वाटणी झालीय आपली' असंही म्हणाले. यात हसण्यासारखं काय होतं ते मला अजून उमगलेलं नाही.)

आता तू म्हणशील, फोन असताना याला पत्र लिहायची काय हुक्की आली. कारण असं की तुझा फोन भाऊजी उचलतात. शिवाय गेले सोळा दिवस तू 'मुकादम कसा आहे' असं विचारलंस की मी 'उत्तम' म्हणत आलो आहे, आणि ते उत्तर काटेकोरपणे पाहिलं तर बरोबर नव्हतं. घाबरू नकोस. निदान पूर्ण पत्र वाचून मग घाबर, आणि शेवटचं पान आधी वाचायची तुझी जुनी खोड या वेळेपुरती आवर.

तू जाताना तुझ्या लाडक्या बोक्याला, मुकादमाला, माझ्या स्वाधीन केलंस, सोबत त्याची टोपली, त्याची थाळी, डब्यातल्या खाण्याची खोकी, आणि तुझ्या अक्षरातला कागद: सकाळी साठ ग्रॅम, संध्याकाळी साठ ग्रॅम, पाणी ताजं, लाड बेताचे. तो कागद मी कामाच्या टेबलावर भिंतीला चिकटवला. कागदाबाहेर एक तसूभरही गेलो नाही. सव्वीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस 'साठ ग्रॅम' वाचून चमच्यानं अंदाजे वाढील का? सोन्याचांदीसाठी असतो तो काचेच्या पेटीतला काटा मी त्याच्यासाठी काढला, पेटीचं दार लावून घेतलं (वाऱ्यानं फरक पडतो, लोकांना पटत नाही) आणि साठ म्हणजे साठ मोजलं. वर चुकून एखादा कण गेलाच तर चिमट्यानं काढून घेत असे. मुकादम त्या चिमट्याकडे ज्या नजरेनं बघायचा ना, ते पहिलं लक्षण होतं. पण तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही.

चौथ्या दिवसापासून त्याचं तंत्र बिघडलं. आधी तो ओरडू लागला, तेही नेहमीचं नाही; जुन्या दाराच्या बिजागरीला तेल नसलं की येतो तसा आवाज. मी सवयीनं एकदा दाराला तेलही घातलं. मग त्यानं भिंत चाटायला सुरुवात केली. सहाव्या दिवशी माझा कातडी पट्टा तीन भोकांपर्यंत चावून ठेवला, सातव्या दिवशी साबणाची वडी पळवली, आठव्या दिवशी उकडलेलं अंडं टरफलासकट गिळलं आणि नंतर बराच वेळ स्वतःच चकित होऊन बसला. नवव्या दिवसापासून मात्र हे सगळं थांबलं आणि तो नुसता पडून राहू लागला. तोंड भिंतीकडे, पाठ माझ्याकडे. तू येणार, दारातूनच 'मुकादम' अशी हाक मारणार आणि मी टोपली पुढे करणार, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना.

मी हातावर हात ठेवून बसलो नाही. लक्षणांची वही घातली. रोज सकाळी सात वाजता त्याचं वजन केलं: पहिल्या दिवशी पाच किलो दोनशे चाळीस, अकराव्या दिवशी चार किलो नऊशे चाळीस. आलेख काढला. रेघ खाली चालली होती, पण मध्ये तीन ठिकाणी विनाकारण वर उचलली होती. त्या तीन टेंगळांवर मी दोन संध्याकाळी घालवल्या आणि हवेतल्या दमटपणाचा तो परिणाम असावा अशी नोंद केली. वाचनालयातून पाळीव प्राण्यांच्या रोगांवरचं जाडजूड पुस्तक आणलं. (पुस्तकावरून शिकण्याची मला सवय आहे. आजवर मी शिकलो ते सगळं तसंच, आणि ज्यांना वर्गात बसून शिकता आलं त्यांनी मला हसू नये.) पुस्तकाप्रमाणे मुकादमाला एकूण अकरा रोग होते, त्यातले दोन फक्त म्हशींना होतात. तुझी भावजय एवढंच म्हणाली, "अहो, भूक लागली असेल त्याला." मी तिला शांतपणे कागद दाखवला. चार वर्षं ज्या मापावर हा बोका गलेलठ्ठ झाला, त्याच मापावर तो उपाशी कसा राहील? हे साधं गणित आहे. ती उठून आत गेली.

शेवटी मी विरह हे निदान पक्कं केलं. पुस्तकात त्याला दीड पान आहे. मालकिणीच्या वियोगानं प्राणी खंगतो, आणि त्यावर उपाय म्हणजे मालकिणीचा वास आणि आवाज. म्हणून तुझ्या घरून तुझी ती राखाडी शाल आणली, डोक्यावरून घेतली आणि टोपलीपुढे बसून तुझ्या आवाजात बोललो. तुझा आवाज मला चांगला जमतो, लहानपणी त्यावरून मार खाल्ला आहे. "काय रे माझ्या राजा, रुसलास होय माझ्यावर," असं मी म्हणतोय, तोच दारात पोस्टमन. तो पार्सलावर सही घ्यायला आला होता. त्यानं मान खाली घालून सही घेतली आणि जाताना अत्यंत आदरानं "येतो हं, मावशी" म्हणाला. मुकादमानं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि परत मिटले. त्या दिवशी आलेख आणखी तीस ग्रॅमनी उतरला.

तेव्हा मी हात टेकले आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मी कुणाकडे जात नाही, हे तू जाणतेस. बाई तरुण आहेत, पण हात स्थिर आहे. मी वही, आलेख आणि अकरा रोगांची यादी त्यांच्यापुढे मांडली. त्यांनी ती बाजूला सारली (वाचली नाही!), मुकादमाचं पोट दाबलं, तोंड उघडून पाहिलं, आणि खणातून काहीतरी काढून त्याच्यापुढे ठेवलं. ते नाहीसं झालं. आणखी ठेवलं. तेही नाहीसं झालं. बाई म्हणाल्या, "काका, याला काहीही झालेलं नाही. हा उपाशी आहे."

मी म्हटलं, अशक्य. सकाळी साठ, संध्याकाळी साठ. त्या म्हणाल्या, एवढ्या मोठ्या बोक्याला याच्या जवळजवळ दुप्पट लागतं. मी म्हटलं, माझ्या बहिणीनं लिहून दिलंय आणि चार वर्षं ती हेच घालते. त्यावर त्या, ताई, अगदी सहज म्हणाल्या, "मग तुमचा काटा तपासा."

मला. माझा काटा.

मी मुकादमाला बगलेत मारून तडक दुकानात आलो. प्रमाणित वजनांची पेटी उघडली, एकेक वजन रुमालानं पुसलं आणि तुझ्या भावजयीला साक्षीदार म्हणून समोर बसवून काटा तपासला. दहा ग्रॅमला दहा. पन्नासला पन्नास. शंभराला शंभर. एका केसाचाही फरक नाही. "बघ," मी म्हटलं. तिनं बघितलं. मग हातातली भाजी निवडता निवडता, मान वर न करता विचारलं, "आणि ताईंचा काटा कुणी केला होता?"

ताई, मी वजनांची पेटी काखेत घेतली आणि तुझ्या घरी गेलो.

तो काटा मी केलेला पहिला काटा. मी सतराचा होतो, शाळा सुटली होती, घरात कुणी माझ्याशी धड बोलत नव्हतं. तू तुझा स्वयंपाकघरातला मोडका काटा माझ्यापुढे ठेवलास आणि म्हणालीस, बघ जमतंय का. मी आठ दिवस खपलो. आणि मग तू येईल त्याला तो दाखवायला लागलीस. किराणावाला, बेकरीवाला, तुझ्या ओळखीतली ती शिंपीण, सगळे माझ्याकडे आले ते त्या काट्याकडे बघून. माझं दुकान उभं आहे ते, थोडक्यात, तुझ्या ओट्यावर.

मी त्याच्या पारड्यात पन्नासचं वजन ठेवलं. सुई हलली नाही. शून्यावर शांत बसून राहिली. एकशे दहा ठेवले. सुई साठावर गेली आणि थांबली, अगदी ठामपणे, काही चुकतंय असा चेहराही न करता.

कारण मला तिथल्या तिथे कळलं. तो दुरुस्त करताना तुझं पारडं माझ्याकडे नव्हतं. त्यात तू पीठ भिजवलं होतंस आणि द्यायला तयार नव्हतीस. (त्या अर्थी पाहिलं तर चुकीत तुझाही थोडा वाटा आहे, पण मी तो मुद्दा ताणत नाही.) मी एक दुसरं पारडं लावून सुई शून्यावर आणली. ते तुझ्या पारड्यापेक्षा पन्नास ग्रॅमनं जड होतं. तुझं हलकं पारडं लागल्यावर सुई शून्याच्या खाली जायला हवी होती, म्हणजे चूक लगेच दिसली असती. पण तिथे मी एक छोटीशी पिन बसवली होती, सुई खाली घसरू नये म्हणून. त्या पिनेचा मला फार अभिमान होता. म्हणजे सव्वीस वर्षं तुझा काटा प्रत्येक वस्तू पन्नास ग्रॅम कमी दाखवतो आहे, आणि मी लावलेली पिन ते झाकते आहे.

मी तुझ्या ओट्याजवळच्या स्टुलावर बसलो. आणि मग एकेक गोष्ट आठवू लागली. तुझा केक! सगळे म्हणतात तसा केक कुणाला जमत नाही. कसा जमेल? तू कृती लिहून देतेस दोनशे मैदा आणि घालतेस अडीचशे. लोणी तसंच, साखर तशीच. तुझी धाकटी जाऊ अकरा वर्षं तुझ्या घरी पाऊल ठेवत नाही, कारण तू कृतीतलं काहीतरी मुद्दाम लपवलंस असं तिचं म्हणणं. तू लपवलं नव्हतंस. मी लपवलं होतं, प्रत्येक जिन्नसामागे पन्नास ग्रॅम.

मुकादमाला त्याच संध्याकाळी एकशे दहा वाढले. चिमटा पेटीत ठेवून दिला. आज पाचवा दिवस आहे, वजन चार किलो साडेनऊशेच्या आसपास—

(नाही, हे खोडतो. चार किलो नऊशे पंचेचाळीस. हे लिहीत असताना तो एक किलोच्या वजनाला टेकून झोपला आहे आणि घोरतो आहे. भिंत चाटणं बंद.)

तुम्ही येत्या रविवारी येताय. मी स्टेशनवर असेन, गाडीच्या वेळेआधी वीस मिनिटं. लेकीला आशीर्वाद, नातवाला पापा. त्याचं वजन मी आल्यावर करीन.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं काम सांगायचं राहिलं. हे पत्र भाऊजींच्या हाती पडू देऊ नकोस. सव्वीस वर्षं ते मला 'बिनडिप्लोम्याचे इंजिनिअर' म्हणत आले आणि सव्वीस वर्षं मी तुझ्या काट्याकडे बोट दाखवून त्यांना गप्प केलं. जावेला तू खुशाल कळव की प्रत्येक जिन्नस पन्नास ग्रॅम वाढवून बघ. का, ते सांगू नकोस. तुम्ही यायच्या आत मी काटा गुपचूप नीट करून ठेवतो. वाचून झाल्यावर पत्र जाळ.

ता. क. दुसरा. तुझ्या भावजयीनं आज कबूल केलं की तिनं तीन वेळा माझ्या पाठीमागे मुकादमाला बशीभर खाणं घातलं होतं. आलेखावरची तीन टेंगळं ती. दमटपणाची नोंद मी खोडली आहे.

ता. क. तिसरा, बुधवार, तुझ्या स्वयंपाकघरातून. पाकीट कालच बंद केलं होतं, ते वाफेवर उघडून हे लिहितो आहे. आत्ता काटा नीट करायला त्याचं मागचं झाकण काढलं. सव्वीस वर्षांत ते मी पहिल्यांदाच काढलं, पण चारही स्क्रूंच्या खाचांवर दुसऱ्या कुणाच्या पेचकसाचे ओरखडे होते. आत घडी घातलेली एक चिठ्ठी होती, मी काटा तुला दिला त्यानंतर तीन महिन्यांची तारीख, आणि अक्षर भाऊजींचं. ते डिप्लोमावाल्यांचं तिरपं अक्षर कुठेही ओळखू येतं. लिहिलंय: 'पन्नास ग्रॅम कमी दाखवतो. पारडं बदललेलं दिसतं. पिनेची कल्पना चांगली आहे. पोराचा हात बसतो आहे, बोलायचं नाही.'

सव्वीस वर्षं मी त्यांना त्या काट्याकडे बोट करून गप्प करत होतो, आणि ते गप्प होत होते. (धाकटी जाऊ अकरा वर्षं आली नाही, तेही त्यांनी सोसलं. की आवडलं, ते तूच विचार.)

चिठ्ठी होती तशी आत ठेवली आणि झाकण लावलं. काटा नीट केलेला नाही. तो आता तसाच राहू दे. दुकानातल्या मुकादमाच्या कागदावर मात्र मी साठ खोडून एकशे दहा लिहिलं आहे; तू तुझ्या काट्यावर साठच मोज.

पत्र जाळू नकोस. भाऊजींना समोर बसवून मोठ्यानं वाचून दाखव, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

फक्त शालीचा भाग गाळ.